शब्दांची यादी नको, धातू सांगा

आमच्या सीनियर हॉस्टेलमध्ये इंग्रजी शब्दांची एक यादी फिरते. ती कोणत्या बॅचने तयार केली, हे कोणालाच सांगता येत नाही. झेरॉक्सची झेरॉक्स होत होत तिची अक्षरे फिकट झाली आहेत, पण अकरावीत आलेल्या प्रत्येकाच्या हाती ती पडतेच. एनडीएच्या लेखी परीक्षेत 900 पैकी 200 गुण इंग्रजीचे, म्हणून रोज रात्री वीस शब्द पाठ करायचे, असा इथला शिरस्ता आहे. मीही दोन महिने केले. सोमवारच्या विसातले शनिवारी पाच-सहा उरत, आणि तेही एकमेकांचे अर्थ घेऊन बसलेले असत.

दोष माझ्या डोक्याचा असेलही, पण यादीचाही आहे. ती वर्णानुक्रमे लावलेली आहे. त्यामुळे ‘बेनेव्होलंट’ एका पानावर, ‘मलेव्होलंट’ बऱ्याच पानांनंतर आणि ‘व्हॉलंटियर’ अगदी शेवटी. खरे तर हे तिघे एकाच घरचे. लॅटिनमध्ये ‘व्होलो’ म्हणजे मला हवे आहे, माझी इच्छा आहे. ‘बेने’ म्हणजे चांगले, ‘माले’ म्हणजे वाईट. भले इच्छिणारा तो पहिला, वाईट इच्छिणारा तो दुसरा आणि स्वतःच्या इच्छेने एक पाऊल पुढे येणारा तो आपला व्हॉलंटियर. हे एकदा कळले की तिन्ही शब्द विसरू म्हटले तरी विसरत नाहीत. वर ‘मलेरिया’ फुकटात मिळतो, कारण तो इटालियन भाषेतल्या ‘वाईट हवे’पासून आला. आपण मात्र या भावंडांची ताटातूट करतो आणि मग अनोळखी माणसांची नावे पाठ करावीत तसे त्यांना घोकत बसतो. माझे म्हणणे एवढेच, की आपल्या शाळेत शब्द यादीने शिकणे थांबवावे आणि धातूंनी शिकावे.

हे मी इंग्रजी माध्यमात वाढलेला म्हणून सांगत नाही. सहावीत मी इथे आलो तो जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून. पहिले काही आठवडे पुढच्या मुलाचे पाय पाहूनच हुकूम समजायचा. पोहण्याच्या पहिल्या तासाला उस्ताद ओरडले, ‘डोन्ट पॅनिक!’ मला ‘पिकनिक’ ऐकू आले. मी खूश होऊन हात सोडले आणि पोटभर पाणी प्यालो. मुले आठवडाभर मला पिकनिक म्हणत होती. हसणे मलाही येत होते, पण त्यानंतर बराच काळ मी वर्गात इंग्रजीत तोंड उघडले नाही.

तो शब्द मला खऱ्या अर्थाने नववीत भेटला, वाचनालयातल्या ग्रीक पुराणकथांच्या पुस्तकात. पॅन हा मेंढपाळांचा देव, कमरेखाली बोकड. निर्जन रानात तो अचानक आवाज करतो आणि कारण दिसत नसताना कळप उधळतो. ती भीती म्हणजे पॅनिक. अथेन्सच्या लोकांचा तर असा विश्वास होता, की इ.स.पूर्व 490 मध्ये मॅरेथॉनला इराण्यांशी लढताना पॅन आपल्या बाजूने होता. त्यांनी त्याचे देवस्थानही स्थापले. वाचता वाचता मला आमच्या शेतात बसवलेली मेंढरे आठवली. रात्री एखादे वेळी कुत्रे नाही, लांडगा नाही, तरी सगळा कळप एकदम उठून धावायचा. सकाळी धनगर म्हणायचे, मेंढरं बुजली. म्हणजे पॅनिक मला लहानपणापासून ठाऊक होते. नाव तेवढे माहीत नव्हते.

मग मी रोजच्या तोंडातले शब्द उलगडून पाहू लागलो. आपल्यासारख्या शाळेत तर ते पावलोपावली पडलेले आहेत. लॅटिनमध्ये ‘कापुट’ म्हणजे डोके. त्यावरून कॅप्टन झाला आणि फ्रेंचांकडून फिरून येत कॅडेटही झाला. त्याचा मूळ अर्थ ‘छोटे डोके’, घरातला धाकटा मुलगा. अशा धाकट्यांना सैन्यात धाडायची तिकडे रीत होती. मी घरात थोरला आहे, ती गोष्ट वेगळी. ‘इन्फन्ट्री’त तर चक्क ‘इन्फन्ट’, म्हणजे बाळ आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ न बोलणारा. पुढे इटलीत तोच शब्द तरुण पोरांना आणि त्यांच्यातून निघालेल्या पायदळाला लागला. परेड ग्राउंडवर रांगेत उभे असताना आम्ही मूळ अर्थही पाळतो. सगळ्यात मला आवडला तो ‘कंपनी’. ‘कॉम’ म्हणजे सोबत, ‘पानिस’ म्हणजे भाकरी. एकत्र भाकरी खाणारे ते कंपनी. आपल्याकडे पंगत जेवणापुरती असते, त्यांची लढाईपर्यंत गेली.

इथे एक सावधगिरी हवी. धातू सापडला की माणूस शेफारतो. मासिक चाचणीत मी ‘पेडियाट्रिशियन’चा अर्थ पायाचा डॉक्टर असा लिहिला होता, कारण ‘पेडेस्ट्रियन’ म्हणजे पायी चालणारा हे मला ठाऊक होते. पण चालणाऱ्यातला ‘पेड’ लॅटिन, पायाचा. डॉक्टरातला ग्रीक, मुलाचा. गुण गेला. तशीच एक गोष्ट पगाराची. ‘सॅलरी’त ‘साल’, म्हणजे मीठ आहे हे खरे. पण रोमन शिपायांना पगारात मीठ मोजून देत ही कथा, जी आपण भाषणांत हमखास ऐकतो, तिला प्राचीन लेखनात आधार नाही. धातू दिशा दाखवतो. खात्री शब्दकोशातच करावी लागते.

आता ज्यासाठी हा लेख मराठी पानावर लिहितो आहे ते सांगतो. सहावी ते आठवी आपण संस्कृत शिकतो आणि नववीत ते सोडून देतो. बहुतेकांना सुटलो असे वाटते. मलाही वाटले होते. पण दंत पाहा आणि डेंटिस्ट पाहा. मातृ आणि मॅटर्नल, नाम आणि नॉमिनल, नव आणि नोव्हिस. युज् म्हणजे जोडणे, त्याचा सख्खा नातेवाईक आपल्या रेल्वेच्या ‘जंक्शन’मध्ये बसला आहे. ‘ट्रायपॉड’ म्हणजे त्रिपाद, म्हणजे आपल्या घरातली तिपाई. ग्रीकांकडे पुष्कळ ठिकाणी आपल्या ‘स’चा ‘ह’ होतो, म्हणून सम तिथे ‘होमो’ आणि सप्त तिथे ‘हेप्टा’. इराण्यांचीही तीच सवय. त्यांच्याकडून आलेला आपला ‘हप्ता’ आणि भूमितीतला ‘हेप्टॅगॉन’ असे दूरचे भाऊ निघतात. आणि लॅटिन ‘इग्निस’, ज्यावरून गाडीचे ‘इग्निशन’ आले, तो आपला अग्नी. 1989 मध्ये चांदीपूरहून पहिल्यांदा उडालेल्या क्षेपणास्त्राचे नाव एखाद्या रोमन माणसाला उलगडून सांगावे लागले नसते.

कोलकात्यात न्यायाधीश असलेल्या विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये एशियाटिक सोसायटीच्या भाषणात हेच साम्य मांडले होते. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या तिन्ही एकाच उगमातून निघाल्या असाव्यात, आणि तो उगम कदाचित आता उरलेलाही नसेल, असे ते म्हणाले. म्हणजे त्या बहिणी आहेत. संस्कृत ही इंग्रजीची आई, असे मोबाइलवर फिरणारे निरोप जे सांगतात ते बरोबर नाही. पण मावशीचे घर म्हटले तरी दारात बिचकत उभे राहायचे कारण उरत नाही, आणि सहावीतल्या मला कोणी एवढे सांगितले असते तर माझी दोन वर्षे वाचली असती.

माझ्या शेजारच्या कॉटवरचा मित्र हरियाणाचा आहे. त्याचे म्हणणे, परीक्षेत समानार्थी शब्द विचारतात, पॅनची गोष्ट नाही, आणि वेळ कोणाकडे आहे? त्याचे निम्मे बरोबर आहे. इंग्रजीतले कितीतरी साधे शब्द ग्रीक-लॅटिनचे नाहीतच, तिथे घोकंपट्टीला इलाज नाही. यादी जाळा असे मी म्हणत नाही. पण वेळेचा हिशेब मला पटत नाही. वीस शब्द पाठ करून पंधरा विसरणे यात वेळ वाचतो कसा? एक धातू दहा मिनिटांत समजतो आणि न वाचलेल्या शब्दाचाही अंदाज देतो. शिवाय दंत, पाद, नाम त्याच्याही घरचे, आणि केरळच्या मुलांच्याही.

म्हणून दोन विनंत्या. इंग्रजीच्या आणि संस्कृतच्या सरांनी महिन्यातून एक तास आमच्यासमोर एकत्र बसावे. दोघांची कपाटे शेजारी आहेतच. दुसरी, अकॅडमिक ब्लॉकमधल्या सूचना फलकाचा एक कोपरा आठवड्याच्या धातूला द्यावा. परवानगी मिळाली तर पहिला मी लिहीन : लॅटिन ‘पोर्तारे’, वाहून नेणे. पोर्टर, ट्रान्सपोर्ट, रिपोर्ट, सपोर्ट. बाकीचे सहावीच्या मुलांनी शोधून खाली लिहावेत, खडू ठेवलेला असेल.