मुंगळे मारले, पन्हळ तशीच

फजरची नमाज झाली की अम्मी माडीच्या सज्जात येऊन बसते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठी आमचं जुनं कौलारू घर आहे. तुळया सागाच्या, सज्जाच्या फळ्याही सागाच्याच. मागच्या जुलैत सज्जाखालच्या ओटीवर रोज सकाळी मूठभर भुस्सा पडलेला दिसू लागला. अम्मी झाडून टाकायची आणि गप्प बसायची. मग एका रात्री तिचा फोन आला, "अगं, फळीच्या आत काहीतरी कुरकुरतंय."

मी तालुक्याच्या गावी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. शनिवारी दुपारी शाळा सुटली की अम्मीकडे जाते. मी पोचेपर्यंत निदान झालेलं होतं. शेजारी म्हणाले, वाळवी. कुवेतला असलेल्या मोठ्या भावाने फोनवरच ठरवलं, वाळवी. लगेच पैसे पाठवले, शहरातून फवारणीवाला आला, घरभर उग्र वास सोडून गेला. तीन आठवडे शांतता होती. मग तेच काळे मुंगळे पलीकडच्या दाराच्या चौकटीतून निघाले.

शेवटी गावातल्या म्हाताऱ्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी भुस्सा वर्तमानपत्रावर पसरला आणि मला जवळ बोलावलं. लाकडाच्या बारीक किसात मेलेल्या मुंगळ्यांचे पाय आणि डोकी होती. काका म्हणाले, "बाई, वाळवी लाकूड खाते, ती भुस्सा कशाला बाहेर टाकेल? हे मुंगळे लाकूड खात नाहीत. खोली खोदतात आणि माती बाहेर टाकावी तसा भुस्सा टाकतात." पटाशीने फळी उचकटली. आतल्या वाटा पॉलिश पेपरने घासाव्यात तशा गुळगुळीत, स्वच्छ. वाळवी असती तर मातीने लिंपलेल्या असत्या.

नंतर मी वाचलं. या मुंगळ्यांच्या कुळाला शास्त्रज्ञ कॅम्पोनोटस म्हणतात. त्यात हजाराहून जास्त जाती आहेत. अमेरिकेत घराला लागून लाकडी डेक असतात, तिथे यातल्या काही जातींचा मोठा उपद्रव असतो आणि त्यांना सुतार मुंग्याच म्हणतात. आपल्या अंगणातला मोठा काळा मुंगळा बहुधा जमिनीत, झाडाच्या मुळाशी राहतो. पण याच कुळातल्या काही जाती लाकडात घर करतात. कोरडं, निरोगी लाकूड त्यांना सहसा नको असतं. ओलीने मऊ पडलेलं हवं असतं. राणी आणि अंडी ओलसर घरट्यात असतात. तिथून जम बसला की कोरड्या जागीही शाखा निघतात. म्हणून चौकटीवर फवारलं तर चौकटीतले मरतात, राणी मजेत राहते.

म्हणजे खरा प्रश्न मुंगळ्यांचा नव्हताच. पाणी कुठून येतं, हा होता. काकांनी वर बोट दाखवलं. दोन छपरं मिळतात तिथली पत्र्याची पन्हळ सडली होती. आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्यातला किती त्या फळीत मुरला असेल, त्याचा हिशोब कोण ठेवणार?

पन्हळ फुटलेली आहे हे आम्हा तिघांनाही चार वर्षं माहीत होतं. अब्बा गेल्यापासून घरपट्टी त्यांच्याच नावाने येते. शरियतप्रमाणे हिस्से स्पष्ट आहेत : अम्मीचा आठवा, उरलेल्यातले दोन्ही भावांना दोन-दोन, मला एक. तोंडाने सगळे मान्य करतात, कागदावर कोणी आणत नाही. मग एकाला वाटतं दुसरा दुरुस्त करील, आणि दुसऱ्याला वाटतं, वाटणीच्या आधी मी का खर्च करू? फवारणीला पैसे लगेच निघाले, कारण मुंगळे दिसत होते आणि फवारणीने कोणाचा हक्क ठरत नव्हता. पन्हळ घालायची म्हणजे घर कोणाचं हे बोलावं लागतं.

मी माझ्या पगारातून पन्हळ बदलली, तेव्हा भावाने हसत विचारलं, "घराला तुझं नाव लावायचंय का?" मी म्हटलं, "भाई, ते अल्लाहने आधीच लावलंय." तो हसायचा थांबला. मला वाईट वाटलं, पण वाक्य मागे घेतलं नाही.

अम्मीची काळजी वेगळी होती. मुंगी मारणं गुनाह ना? कुरआनात मुंगीच्या नावाची एक सूरह आहे. हदीसमध्ये मुंगी मारायला मनाई आहे. एक मुंगी चावली म्हणून सगळं वारूळ जाळणाऱ्या एका नबींना अल्लाहने जाब विचारल्याची हकिगतही आहे. इजा करणाऱ्या मुंग्या हटवायला आलिमांनी मोकळीक दिलेली आहे. पण मला वाटतं, ज्याला कमीत कमी जीव मारायचे आहेत, त्याने आधी छप्पर नीट करावं. ओल गेली की निम्मं काम झालं.

उरलेलं काम काकांनी सांगितलं तसं केलं. सडलेल्या दोन फळ्या काढल्या, नव्या बसवताना मध्ये पाणी निथळायला फट ठेवली, कापलेल्या टोकांना रंग दिला. आंब्याची फांदी कौलांना टेकत होती, ती छाटली. मुंगळ्यांचा रस्ता तोच होता. सज्जातल्या कुंड्या खाली नेल्या. जे मुंगळे राहिले त्यांच्यासाठी शंभर मिलिलिटर साखरेच्या पाण्यात एक ग्रॅम बोरिक पावडर, तीच कॅरमवाली, मिसळून रात्री त्यांच्या वाटेवर ठेवली. जास्त घातली तर मुंगळा वाटेतच मरतो, घरट्यापर्यंत नेत नाही. मुलं आणि मांजर यांच्यापासून मात्र ती वाटी लांब ठेवावी लागते. महिनाभरात भुस्सा थांबला.

हजरत सुलेमान काठीला टेकून उभे असतानाच वफात पावले, आणि काठी किड्याने आतून पोखरून ते कोसळेपर्यंत कोणाला कळलं नाही, ही हकिगत मी वर्गात अनेकदा सांगितली आहे. आमचं घरही तसंच उभं होतं. कोकणात अशी घरं गावोगाव आहेत. मुलं आखातात, मुंबईत. ईदला रंग लागतो, लग्नाला मांडव पडतो, आणि पन्हळ तशीच राहते.

माझं म्हणणं एवढंच. भुस्सा दिसला की औषध आणायच्या आधी शिडी लावून छपरावर बघा. आणि वडिलांचं घर असेल, तर त्याच दिवशी भावाबहिणींनी बसून हिस्से कागदावर आणा. बहिणीला बोलवायला विसरू नका.

आमची बैठक येत्या सुट्टीत ठरली आहे. भाई येतोय. अम्मी म्हणते, सज्जातच बसू.