पहिली नव्हे, उरलेली एकटी

डोरोथी आर्झनर हे नाव निघालं की सिनेमाचे इतिहासकार एक बिल्ला काढून तिच्या छातीवर लावतात : तीसच्या दशकात हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंत काम करणारी एकमेव स्त्री-दिग्दर्शक. मैत्रिणींनो, हे कौतुक नेमकं कुणाच्या सोयीचं आहे?

आधी तिचं काम पाहू. १९१९ साली ती पटकथा टाइप करायला स्टुडिओत शिरली. तिथून संकलनाच्या टेबलावर गेली. दिग्दर्शन मागितलं तेव्हा चालढकल झाली. दुसऱ्या कंपनीत निघाले, असं ठणकावल्यावर पॅरामाउंटनं १९२७ मध्ये तिला पहिला चित्रपट दिला. १९४३ पर्यंत तिनं सोळा चित्रपट केले. ‘द वाइल्ड पार्टी’ या १९२९ च्या बोलपटात एका जागी खिळलेल्या मायक्रोफोनमुळे नायिका क्लारा बो अवघडली, तेव्हा हिनं तो मासे धरायच्या काठीला टांगायला लावला.

हुशारी होती, जिद्दही होती. पण हुशार बाई काय एकच होती?

१९१० च्या दशकात लोइस वेबर ही युनिव्हर्सलच्या आघाडीच्या दिग्दर्शकांत होती. आयडा मे पार्क, क्लिओ मॅडिसन तिथंच दिग्दर्शन करत होत्या. अ‍ॅलिस गीनं अमेरिकेत स्वतःची चित्रपट कंपनी काढली होती. सिनेमा हा तेव्हा बेभरवशाचा धंदा होता, म्हणून बायका चालत होत्या. मग मोठं भांडवल आलं, बँका आल्या, थिएटरांच्या साखळ्या आल्या, आणि दिग्दर्शकाची खुर्ची हे ‘पुरुषाचं काम’ ठरलं. दहा वर्षांत बायकांची अक्कल आटली नव्हती. आटली होती ती त्यांची जागा.

म्हणजे आर्झनर पहिली नव्हतीच. दार लावून घेतलं जात असताना आत उरलेली ती एकटी होती. आणि त्या एकटीकडे बोट दाखवून म्हणता येत होतं, ‘बघा, दार उघडंच आहे!’

तिला हे कळत नव्हतं असं नाही. १९४० च्या ‘डान्स, गर्ल, डान्स’मध्ये टिंगल करणाऱ्या प्रेक्षकांपुढे नाचणारी जूडी मध्येच थांबते, रंगमंचाच्या कडेला येते आणि पैसे मोजून बायकांचं अंग बघायला बसलेल्यांना त्यांची लायकी ऐकवते. बघणाऱ्यांवरच नजर रोखली जाते. तो चित्रपट पडला. सत्तरच्या दशकात स्त्रीवादी चळवळीतल्या बायकांनी तो पुन्हा उजेडात आणला. दिग्दर्शकांच्या संघटनेनं तिचा गौरव केला १९७५ साली, म्हणजे तिच्या शेवटच्या चित्रपटानंतर बत्तीस वर्षांनी!

दिग्दर्शनाचं ऑस्कर १९२९ पासून दिलं जातं. ते पहिल्यांदा एका बाईला मिळालं २०१० साली, कॅथरीन बिगेलोला. २०२२ पर्यंत अशा तिघीच झाल्या. आजही प्रत्येकीच्या नावामागे तोच हिशेब लागतो : पहिली, दुसरी, तिसरी.

आर्झनरचे चित्रपट जरूर बघा, दाखवा, त्यांवर भांडा. पण ‘एकमेव’ हा शब्द टाळ्या वाजवण्याचा नाही, जाब विचारण्याचा आहे. कुठल्याही समितीत, कुठल्याही मंचावर कुणी म्हणालं, ‘आमच्याकडे एक बाई आहे ना’, तर लगेच विचारा : बाकीच्या कुठे गेल्या, आणि त्यांना कुणी घालवलं?