तुकडा मुंबईला, बाई वाऱ्यावर!

सरकारला टाळ्या आवडतात, आणि टाळ्या औषधाला पडतात. तपासणीला कुणी टाळ्या वाजवत नाही. २३ जुलै २०२४ रोजी केंद्रीय अर्थसंकल्पात कर्करोगाच्या तीन औषधांवरचे सीमाशुल्क माफ झाले. त्यात ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकॅन हे मुख्यतः स्तनाच्या कर्करोगावर दिले जाणारे महागडे औषध होते. बाके वाजली. १ फेब्रुवारी २०२५ रोजी घोषणा झाली, की येत्या तीन वर्षांत देशातल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कर्करोगाचे डे-केअर केंद्र निघेल. पुन्हा बाके वाजली. म्हणजे नंदुरबारच्या सिव्हिलमध्येही खुर्च्या मांडल्या जातील, सलाइनच्या बाटल्या टांगल्या जातील, फीत कापली जाईल. उत्तम! पण त्या खुर्चीत बसलेल्या बाईच्या शिरेत कोणते औषध सोडायचे, हे ठरवणारी तपासणी कुठे होणार? की तेही फीत कापायला आलेले पाहुणेच सांगून जाणार?

ही तपासणी काय असते ते नीट समजून घेऊ. स्तनातली प्रत्येक गाठ सारखी नसते. पेशीच्या आवरणावर बाहेरचे निरोप आत पोचवणारी प्रथिने बसलेली असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. त्यांतल्या हर-टू या रिसेप्टरची संख्या बेसुमार वाढली, की पेशीला ‘वाढ, दुभंग, आणखी वाढ’ हा हुकूम अखंड मिळत राहतो. अशी गाठ असलेल्या बायकांचा आजार लवकर उलटतो, हे डेनिस स्लॅमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ सालीच दाखवून दिले. स्तनाच्या कर्करोगाच्या दर शंभर रुग्णांत अशा साधारण १५ ते २० निघतात. त्यांना हर-टूला रोखणारे ट्रास्टुझुमॅब हे औषध वेळेवर मिळाले तर आयुष्य वाढते. ज्यांच्यात हर-टू वाढलेलाच नाही त्यांना ते दिले, तर पैसा पाण्यात आणि हृदयाला फुकटचा धोका.

हा रिसेप्टर नुसत्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. तो दाखवते अँटिबॉडी. गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचा, मेणात बसवायचा, त्याचा तीन-चार मायक्रॉनचा काप काचेवर चढवायचा आणि त्यावर सशाच्या किंवा उंदराच्या पेशींपासून मिळवलेल्या अँटिबॉडीचा थेंब सोडायचा. ती हर-टूला जाऊन चिकटते. मग रंग चढवला की पेशीभोवती तपकिरी कडा उमटते. दहा टक्क्यांहून अधिक पेशींभोवती गडद, अखंड कडा दिसली तर थ्री प्लस, औषध सुरू. अधलेमधले दिसले तर टू प्लस; मग जनुकाची ‘फिश’ तपासणी. जेमतेम फिकट कडा दिसली तर वन प्लस; काहीच नाही तर शून्य. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेने ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकॅनला फिकट कडेच्या रुग्णांसाठीही मंजुरी दिली, तेव्हापासून शून्य आणि वन प्लस यांतला पुसट फरकसुद्धा जीवनमरणाचा झाला आहे.

आता तारखा पाहा. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा झाला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला अमेरिकेने ट्रास्टुझुमॅबला परवानगी दिली, आणि हर-टू शोधणाऱ्या अँटिबॉडीच्या तपासणी संचालाही त्याच दिवशी दिली. औषध आणि तपासणी जोडीने! जिल्ह्याने पंचविशी ओलांडली. दरम्यान २०१४ साली भारतीय कंपनीने ते औषध देशातच बनवून बाजारात आणले. २०१५ साली ते जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत गेले. २०१९ साली हर-टूची तपासणीही त्या संघटनेच्या अत्यावश्यक तपासण्यांच्या यादीत दाखल झाली. औषध आले, याद्या आल्या, जोतीराव फुल्यांच्या नावाची जनआरोग्य योजना आली. पण योजनेच्या मंजुरीला आधी तपासणीचा कागद लागतो. तो कागद मिळवेपर्यंत ज्या बाईची शेळी विकली जाते, तिला महात्म्याचे नाव दाखवून काय उपयोग?

धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या वरच्या पाड्यातली एखादी पावरा बाई डोळ्यांसमोर आणा. रस्ता नाही म्हणून जिथे बाळंतिणीला बांबूच्या झोळीतून खाली आणावे लागते, नर्मदेच्या काठी जिथे दवाखाना बोटीतून येतो, तो हा मुलूख. गाठ दुखत नाही म्हणून बाई ती अंगावर काढते. दिवाळी झाली की कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत जाते. गाठही सोबत जाते. परत येते तेव्हा ती मोठी झालेली असते. मग कुणी आशाताई हात धरून दवाखान्यात नेते, डॉक्टर तुकडा काढतात, आणि खरी परवड तिथून सुरू होते.

नियम जगन्मान्य आहेत. काढलेला तुकडा तासाभराच्या आत दहा टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये पडला पाहिजे. द्रावण तुकड्याच्या दहापट पाहिजे. त्यात तो किमान सहा आणि जास्तीत जास्त बहात्तर तास राहिला पाहिजे. फॉर्मॅलिन तासाला जेमतेम एक मिलिमीटर आत शिरते, म्हणून अख्खा स्तन काढला असेल तर त्याला चिरा देऊनच बुडवावा लागतो. आणि आडगावच्या शस्त्रक्रियागृहांत काय दिसते? अरुंद तोंडाची रिकामी बाटली, तळाशी बोटभर द्रावण, त्यात कोंबलेला तुकडा, चिकटपट्टीवर पेनने लिहिलेले नाव. तेही घामाने फिसकटलेले. बाटली नवऱ्याच्या पिशवीत, चिठ्ठी त्याच्या खिशात: सुरतला दाखवा, नाशिकला द्या, मुंबईला न्या. शनिवारी काढलेला तुकडा बुधवारी पोचतो. तोवर रिसेप्टरचे मातेरे झालेले असते. जगातली सर्वोत्तम अँटिबॉडी ओतली तरी कडा उमटत नाही. रिपोर्ट येतो, निगेटिव्ह. बाई पॉझिटिव्ह असते, निगेटिव्ह ठरते बाटली! पुढे मोठे रुग्णालय सांगते, ‘ब्लॉक घेऊन या.’ तो मेणाचा ब्लॉक आणायला नवरा पुन्हा रजा टाकतो, म्हणजे मजुरी बुडवतो. आणि बाई गेली की गावात म्हणायचे, उशिरा आली हो!

दुसरा धोका अँटिबॉडीचाच आहे. प्रयोगशाळांना विकल्या जाणाऱ्या असंख्य अँटिबॉडींच्या कुपीवर छापलेले असते: फक्त संशोधनासाठी, निदानासाठी नव्हे. ही ओळ शोभेची नाही. २०१५ साली शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मधून जगाला बजावले, की निकृष्ट अँटिबॉडींपायी दरवर्षी सुमारे ८० कोटी डॉलर मातीत जातात. २०१७ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या बीटा रिसेप्टरसाठी वापरल्या जाणाऱ्या तेरा अँटिबॉडी कसून तपासल्या. ऊतीच्या कापांवर तेरांतली एकच खरी ठरली. ती लावून पाहिले तेव्हा हा रिसेप्टर निरोगी स्तनातही आढळला नाही आणि कर्करोगाच्या स्तनातही नाही. त्यावर तोवर प्रबंधांचे ढीग लागले होते! प्रगत देशांतल्या नामांकित प्रयोगशाळांची ही गत असेल, तर सर्वात कमी बोलीची निविदा मंजूर करणाऱ्या आमच्या खरेदीखात्यावर किती भिस्त ठेवायची? खुर्च्या आणि फायली एल-वनने, म्हणजे कमीत कमी बोलीने, घ्या. पण ज्या कुपीसोबत निदानासाठीची मान्यता नाही, लॉट क्रमांकाचा पुरावा नाही, ज्या काचेशेजारी ज्ञात पॉझिटिव्ह आणि ज्ञात निगेटिव्ह तुकडा लावलेला नाही, तिच्यावर बाईचा जीव लावणे हा निव्वळ जुगार आहे.

लगेच उत्तरे तयार असतात. पहिले उत्तर: आदिवासी बायका तपासणीला येतच नाहीत, भगताकडे जातात. हे खोटे आहे. १ जुलै २०२३ रोजी देशात सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. या मोहिमेत जिथे बोटातून रक्ताचा थेंब घेऊन अँटिबॉडीच्या पट्टीवर जागच्या जागी तपासता येतो, तिथे माणसे रांगा लावतात, कारण उत्तर हातात पडते. स्तनाच्या तपासणीत उत्तर हातात पडत नाही, खर्च पडतो. म्हणून बाई फिरकत नाही. आणि न येणे हा काय सातपुड्यातल्या बायकांचाच दोष? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी शंभरांत पुरत्या एकीचीही स्तनतपासणी झालेली आढळली नाही. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना हा रोग होतो आणि ९८ हजार मरतात. त्या सगळ्या काय भगताकडे गेल्या होत्या?

दुसरे उत्तर अधिक हुशारीचे: एका जिल्ह्यात रुग्ण थोडे, दोन थेंबांची कुपी हजारो रुपयांची, ती मुदतबाह्य होईल; शिवाय थोड्या काचा पाहणाऱ्याचा डोळा तयार होत नाही. हा मुद्दा आम्ही मान्य करतो. पण त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष साफ अमान्य करतो. धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावला २०१८ पासून आहे, नंदुरबारला २०२० पासून आहे. तीन जिल्ह्यांच्या काचा एका ठिकाणी आणा. कुपीही संपेल, डोळाही तयार होईल. टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने २०१२ पासून चालणारे राष्ट्रीय कर्करोग जाळे आहे. शंकेची काच स्कॅन करून तिथे पाठवा. काच तारेवरून मुंबईला जाऊ शकते, मग बाईला एसटीत का बसवता?

प्रयोगशाळा पाड्याशी जोडण्याचा धडा महाराष्ट्राला नव्याने घ्यावा लागावा, याची खरी लाज वाटते. टाटा रुग्णालयाची प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी घडवली. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या, पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी स्तनाच्या कर्करोगावर संशोधन केले, १९६० च्या दशकात देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभारली आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाचाही अभ्यास केला. सूक्ष्मदर्शक आणि पाडा ही दोन्ही एकाच बाईची कामे असू शकतात, हे त्यांनी करून दाखवले. १९८२ साली त्यांना पद्मभूषण देऊन आम्ही मोकळे झालो. त्यांची वाट मात्र बुजू दिली.

म्हणून आमच्या मागण्या रोखठोक आहेत. नंदुरबार जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात रुंद तोंडाच्या, भरलेल्या, तारीख टाकलेल्या फॉर्मॅलिनच्या बरण्या ठेवा. याला काही कोटी लागत नाहीत. तुकडा कधी काढला आणि फॉर्मॅलिनमध्ये कधी पडला, या दोन वेळा चिठ्ठीवर लिहिल्याशिवाय नमुना स्वीकारू नका. तुकडा नेण्याची जबाबदारी नवऱ्याच्या पिशवीची नव्हे, सरकारी गाडीची आहे. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-टू या तिन्ही रिसेप्टरांची तपासणी खानदेशात, मोफत आणि दहा दिवसांच्या आत झाली पाहिजे. रिपोर्टवर अँटिबॉडीचा क्लोन, म्हणजे तिचा नेमका वाण, आणि लॉट क्रमांक छापा. वर्षातून दोनदा बाहेरच्या प्रयोगशाळेकडून आपल्या काचा तपासून घ्या आणि निकाल लोकांपुढे ठेवा. एवढे झाले की डे-केअर केंद्र उघडा. तोवर ते उघडणे म्हणजे अंधारात बाण मारणे आहे, आणि बाण लागणार तो बाईलाच.

२०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यातले दर शंभरांत ६९ लोक अनुसूचित जमातींचे होते आणि साक्षरतेत जिल्हा राज्यात तळाला होता. इथे कुणी कोर्टात जात नाही, कुणी रिपोर्टावरचा क्लोन विचारत नाही, हे खात्याला पक्के ठाऊक आहे. तो हिशेब आता मोडला पाहिजे. आमदारांनो, पुढच्या अधिवेशनात तारांकित प्रश्न टाका: खानदेशातल्या किती बायकांचा हर-टू तपासला, किती दिवसांत, कोणत्या अँटिबॉडीने? ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’ असे उत्तर आले, तर त्याचा अर्थ एकच: बाया मरत आहेत आणि सरकार त्या मोजतही नाही. तसे असेल तर मोजदाद बायाच करतील, आणि ती मतपेटीत करतील!