डीएपीच्या रांगेत उभे राहण्यापूर्वी स्फुरदाचा जमा-खर्च मांडा

२०२४ च्या रब्बीत आणि २०२५ च्या खरिपात ऐन पेरणीच्या वेळी अनेक ठिकाणी डीएपी मिळत नव्हते, हे आपण अनुभवले आहे. देशाला लागणाऱ्या डीएपीचा मोठा हिस्सा आयात होतो. इथे तयार होणाऱ्या डीएपीसाठीही रॉक फॉस्फेट आणि फॉस्फरिक आम्ल बहुतांशी बाहेरूनच येते. चीनने ऑक्टोबर २०२१ मध्ये खत निर्यातीवर तपासणीची अट घातल्यापासून हा पुरवठा बेभरवशाचा झाला आहे. बाजार आपल्या हातात नाही, पण शेतातला हिशेब आहे.

एक एकराचे उदाहरण घ्या. सोयाबीनला डीएपीची एक गोणी (५० किलो) दिली, म्हणजे २३ किलो स्फुरद जमा झाले. आठ क्विंटल सोयाबीनच्या दाण्यांतून साधारण १० ते ११ किलो शेताबाहेर गेले. पुढे हरभऱ्याला पुन्हा एक गोणी दिली. आठ क्विंटल हरभरा ६ ते ८ किलो नेतो. भुसकट शेतातच राहिले असे धरले, तर वर्षाअखेर २७ ते ३० किलो शिल्लक राहते.

ही शिल्लक जाते कुठे? स्फुरद नत्रासारखे सहज वाहून किंवा उडून जात नाही. चुनखडीच्या काळ्या जमिनीत ते कॅल्शियमशी बांधले जाते. म्हणून स्फुरदाच्या चक्राचे गणिती प्रारूप मांडताना त्याचे तीन साठे धरतात: मातीच्या पाण्यातले, लवकर सुटणारे आणि घट्ट बांधलेले. जणू खिशातले पैसे, बचत खाते आणि मुदत ठेव. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे एका प्रक्षेत्रावर १९०१ नंतर खत बंद केले, तरी आधीच्या स्फुरदाचा फायदा पिकांना कित्येक दशके मिळत राहिला. आपल्या चुनखडीच्या जमिनीत ही ठेव अधिक सावकाश सुटते, एवढा फरक लक्षात ठेवा.

मग काय करावे? आधी माती परीक्षण अहवाल पाहा.

• स्फुरद ‘कमी’ असेल, तर मात्रेत कपात करू नका. उत्पादनाला फटका बसेल.
• ‘मध्यम’ असेल, तर शिफारशीप्रमाणे द्या.
• ‘भरपूर’ असेल, तर कृषी विज्ञान केंद्राच्या सल्ल्याने मात्रा कमी करा. जादा स्फुरदामुळे जस्ताची कमतरता वाढते.

डीएपी मिळालेच नाही, तर सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन गोण्या आणि २० किलो युरिया यांतून जवळपास तेवढेच नत्र व स्फुरद मिळते. शिवाय सोयाबीनला उपयुक्त गंधकही मिळते. खत फोकून न देता बियाण्याखाली पेरून द्या. स्फुरद विरघळविणाऱ्या जिवाणूंची बीजप्रक्रिया करा, मात्र ती खताला पर्याय नाही.

दर हंगामात किती गोण्या दिल्या आणि किती क्विंटल माल निघाला, याची वहीत नोंद ठेवा. तीन वर्षांच्या नोंदी आणि माती अहवाल शेजारी ठेवले, की पुढची गोणी लागते की नाही, हे तुमचे तुम्हालाच कळेल.