आधी वजन, मग तपासणी? हा क्रम कोणी ठरवला?

"डॉक्टर, आधी पाच-सहा किलो कमी करते, मग मॅमोग्राफीचं बघू." पन्नाशीच्या स्त्रियांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की आता राग येतो. त्यांचा नाही, त्यांना असं वाटायला लावणाऱ्या आमच्या दवाखान्यांचा.

पाळी गेल्यावर शरीरातलं इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीत तयार होतं. म्हणून या वयात जास्त वजनाने स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणजे जिला तपासणीची गरज अधिक, तीच घरी थांबते. स्तन मोठा असेल तर छोटी गाठ हाताला लागणंही अवघड. मॅमोग्राफीत मात्र उलट असतं. चरबी काळी दिसते आणि गाठ पांढरी, त्यामुळे ती उठून दिसते. गाठ लपते ती दाट स्तनात, आणि असे स्तन तरुण, सडपातळ स्त्रियांत जास्त आढळतात. "जाड बाईचं मशीनमध्ये नीट दिसत नाही" हा निव्वळ गैरसमज आहे. फार तर एखादा फोटो जास्त काढावा लागतो.

अमेरिकेतल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. लठ्ठ गोऱ्या स्त्रिया मॅमोग्राफीला कमी येत होत्या, कृष्णवर्णीय स्त्रियांत हा फरक दिसला नाही. वजन तेच, मग अडवतं काय? माझ्या मते, लाज.

आणि लाज आम्ही वाटतो. वजनकाटा पॅसेजमध्ये, आकडा सगळ्यांना ऐकू जाईल असा, गाऊन पुढून मिटत नाही. त्यावर "खाणं कमी करा हो ताई." गाठ दाखवायला आलेली बाई डाएटचा कागद घेऊन परत जाते! वजनाबद्दल बोलूच नये असं नाही. पण तपासणी झाल्यावर, तिला विचारून. वजन उतरायला वर्ष लागेल, मॅमोग्राफीला अर्धा तास पुरतो.

बारीक बायकांचंही एक पालुपद आहे, "माझ्याकडे तपासण्यासारखं आहे काय?" अहो, पुरुषांचीसुद्धा मॅमोग्राफी होते. आणि सडपातळ असणं म्हणजे कर्करोगापासून सुटका नव्हे.

मुंबईत टाटा मेमोरियलने दीड लाखावर स्त्रियांचा वीस वर्षं अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या गटात प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी फक्त हाताने स्तन तपासत, असे चार वेळा. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या आजाराचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले होते. यंत्रसुद्धा नव्हतं तिथे.

तेव्हा फोन करून आधीच विचारा: तंत्रज्ञ महिला आहे का? मोठ्या मापाचा गाऊन मिळेल का? पाळी सुरू असेल तर ती संपल्यानंतरच्या आठवड्यात जा, दुखतं कमी. त्या दिवशी पावडर, डिओ लावू नका. गाठ, आत ओढलेलं स्तनाग्र, रक्तस्राव किंवा संत्र्याच्या सालीसारखी त्वचा दिसली तर मात्र तारीख बघू नका, याच आठवड्यात दाखवा. कोणी वजनावर टोमणा मारला तर सांगा, "आज मी त्यासाठी आलेली नाही."