सेवेचे मोल आणि खाटांची संख्या

ज्याला श्रमाचा पुरता मोबदला द्यावयाचा नसतो, त्याच्या तोंडी ‘सेवा’ हा शब्द हमखास येतो. दरवर्षी १२ मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी, परिचारिकांना गुलाबपुष्पे दिली जातात. वेतनश्रेणीचा विषय निघाला, की तीच मंडळी त्यांना सेवाधर्माची आठवण करून देतात.

वास्तविक परिचारिकेचे काम आज पार बदलले आहे. अतिदक्षता विभागात डॉक्टर फेरीपुरते येतात. कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णाचा रक्तदाब उतरू लागला, हे प्रथम तिलाच कळते आणि पहिली हालचालही तिलाच करावी लागते. ग्रामीण भागात ‘आयुष्मान भारत’ योजनेने २०१८ पासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी हे पद आणले. आयुर्वेद पदवीधरांबरोबर परिचारिकाही सहा महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर त्यावर नेमल्या जातात. सुमारे पाच हजार वस्तीचा रक्तदाब, मधुमेह, तोंडाचा कर्करोग यांची प्राथमिक तपासणी त्यांच्याकडे आली. पद मात्र कंत्राटी, आणि मोबदल्याचा एक भाग कामाच्या उद्दिष्टांशी बांधलेला. काम कायमचे, कामगार तेवढा तात्पुरता!

खासगी क्षेत्रातील स्थिती याहून बोलकी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून २०१६ मध्ये केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारस केली ती अशी: दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात राज्य शासनाइतके वेतन, शंभर ते दोनशे खाटा असल्यास फार तर दहा टक्के कमी, पन्नास ते शंभर असल्यास पंचवीस टक्के कमी, त्याखाली किमान २०,००० रुपये. शिफारस स्वागतार्ह होती, पण तिच्यातील तर्क तपासण्याजोगा आहे. येथे वेतन ठरते ते मालकाच्या ऐपतीवरून, श्रमावरून नव्हे. लहान नर्सिंग होममध्ये रात्रपाळीला एकटीच असलेली परिचारिका प्रसूती, सलाइन, नोंदवह्या आणि नातेवाइकांचा संताप असे सर्व काही सांभाळते. तिचा भार पंचवीस टक्क्यांनी हलका कोठे होतो? १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याची जागा घेणाऱ्या २०२३ च्या कायद्याचा भरही शिक्षण आणि नोंदणी यांवरच आहे. वेतनाचा प्रश्न त्याने सोडवलेला नाही.

केरळात परिचारिकांनी २०१७ मध्ये संप पुकारले आणि २०१८ मध्ये तेथील शासनाला २०,००० रुपये किमान मूळ वेतनाची अधिसूचना काढावी लागली. महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावी काम अधिक कठीण आहे. एका दवाखान्यात तीन-चारच जणी, त्याही कधी अप्रशिक्षित. शिवाय मालक डॉक्टर पुष्कळदा आपल्याच चळवळीचा वर्गणीदार! हा संकोच कार्यकर्त्यांना सोडावा लागेल. एकेका दवाखान्याशी भांडण्याऐवजी तालुक्यातील सर्व परिचारिकांची एक संघटना बांधणे आणि पहिली मागणी म्हणून नेमणूकपत्र व वेतनपावती मागणे, एवढे तरी येत्या वर्षात जिल्हा शाखांना करता येईल.