बिब घेण्याआधी बर्फाची चौकशी करा

हौशी धावपटू, सायकलस्वार, ट्रायथलॉनची तयारी करणारे आणि या सगळ्यांचे गट चालवणारे, अशा सर्वांना हे जाहीर आवाहन आहे. पाऊस ओसरू लागला की आपला हंगाम सुरू होतो. साताऱ्यात यवतेश्वरच्या घाटातली अर्धमॅरेथॉन, गोव्यातली ट्रायथलॉन, पुण्यातल्या आणि सह्याद्रीच्या डोंगरवाटांवरच्या शर्यती, आणि जानेवारीत मुंबई. या दिवसांत गटागटांत बोलणे चालते ते कार्बन प्लेटच्या बुटांबद्दल, घड्याळाच्या नव्या मॉडेलबद्दल, कोणता जेल पोटाला मानवतो त्याबद्दल. त्यात वावगे काही नाही. हौसेला मोल नसते. पण अशा शर्यतींत माणूस कशाने दगावतो हे आता बऱ्यापैकी ठाऊक झाले आहे. कारणे मोजकी आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांवरचा उपाय बुटांच्या दुकानात मिळत नाही. तो शिकून घ्यावा लागतो, आणि वीस हजारांच्या बुटांपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.

सुरुवात पाण्यापासून करू. ‘तहान लागायच्या आत प्या, दिसेल त्या टेबलावर प्या’ हा सल्ला नवख्याला पहिल्याच दिवशी मिळतो. तो कुणी हवेतून काढलेला नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या १९९६ च्या सूचनांतही घामावाटे गेलेले सगळे पाणी भरून काढा, निदान पोटाला सोसेल तितके तरी प्या, असेच म्हटले होते. त्याच्या पंधरा वर्षे आधी, १९८१ साली, दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स अल्ट्रामॅरेथॉनमध्ये एक धावपटू बाई बेशुद्ध झाली ती पाणी कमी पडून नव्हे, जास्त झाल्यामुळे. संशोधक टिम नोक्स यांनी १९८५ मध्ये अशा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तरी सल्ला बदलायला २००७ उजाडले. घडते ते असे: दीर्घ श्रमात शरीर लघवी रोखून पाणी धरून ठेवते, त्यात वरून पाणी ओतत राहिले की रक्तातले सोडियम पातळ होते, पेशी फुगतात, आणि कवटीत फुगायला जागा नसल्याने मेंदूवर दाब येतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवून आलेल्या ४८८ जणांचे रक्त तपासले तेव्हा १३ टक्के जणांचे सोडियम उतरलेले होते, तिघांचे तर जिवावर बेतण्याइतके. त्याच शर्यतीत एक तरुणी याच कारणाने गेली. कुणाचे सोडियम उतरले? ज्यांचे वजन धावता धावता वाढले आणि ज्यांना चार तासांहून जास्त लागले, त्यांचे. म्हणजे हा धोका पदके जिंकणाऱ्यांपेक्षा मागून रमतगमत येणाऱ्या, प्रत्येक टेबलावर थांबणाऱ्या हौशी मंडळींना अधिक आहे.

यावर ठरलेले उत्तर येते, ‘आम्ही साधे पाणी पीतच नाही, इलेक्ट्रोलाइट घेतो.’ आकडे पाहा. रक्तात लिटरला सोडियम असते सुमारे १४० मिलिमोल. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार केलेल्या ओआरएसमध्ये ते ७५ असते, आणि खेळाडूंसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक रंगीत पेयांत २० च्या आसपास. थोडक्यात, यांतले प्रत्येक पेय रक्तापेक्षा पातळच आहे, आणि गरजेपेक्षा जास्त प्यायले तर तेही रक्त पातळच करते. बोस्टनच्या त्या अभ्यासातही पेय कोणते यावरून फरक पडलेला दिसला नाही; फरक पडला तो किती प्यायले यावरून. घामावाटे मीठ जाते, ते थोडेफार घ्यावे, लिंबू-मीठ-साखरेचे पाणी किंवा कोकम सरबत चवीला आणि उमेदीला चांगलेच. फक्त त्याला कवचकुंडले समजू नये. औषधाच्या दुकानातून ओआरएस घेणार असाल तर पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते वाचा, आणि एक लिटरचे पाकीट एक लिटर पाण्यातच घाला. चिमूटचिमूट घालून चव बघणे हा ओआरएसचा उपयोग नव्हे. नावात ती तीन इंग्रजी अक्षरे मिरवणारी आणि आत मुख्यतः साखर असलेली खोकी वर्षानुवर्षे खपली. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये या सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरण्यास मनाई केली, हे फार आधी व्हायला हवे होते.

‘मुंबईच्या दमट हवेत आणि नागपूरच्या उन्हात लोकांना पाणी कमी प्या म्हणून सांगता?’ हा आक्षेप रास्त आहे, पण सांगणे ते नाही. सांगणे एवढेच की तहानेने प्या आणि आपला घाम मोजा. एका तासाच्या सरावाआधी आणि नंतर, घाम टिपून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. वजन एक किलोने उतरले आणि मधे अर्धा लिटर प्यायला असाल, तर त्या हवेत, त्या वेगात तुमचा घाम तासाला दीड लिटर. ही संख्या माणसागणिक आणि ऋतूगणिक बदलते, म्हणूनच सर्वांना लागू पडणारे ‘दर वीस मिनिटांनी एक ग्लास’ हे गणित निरुपयोगी आहे. शर्यत संपल्यावर वजन किंचित उतरलेले असणे ठीकच. वाढलेले असेल तर पुढच्या वेळी हात आवरा. साठीपुढच्यांना तहान उशिरा लागते आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवीवाटे मीठ जाते, तेव्हा अशांनी हे आपल्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे. आणखी एक गोष्ट वैद्यकीय तंबूत बसणाऱ्यांसाठी. कोसळलेला दिसला की सलाईन लावायचे, ही आपल्याकडची जुनी सवय आहे. बोटे सुजून अंगठी रुतलेली, उलट्या, असंबद्ध बोलणे आणि वाढलेले वजन अशा माणसाला नेहमीची बाटली उपयोगी पडत नाही, उलट प्रकृती बिघडू शकते. मेंदूला सूज असेल तर त्याला ३ टक्के मिठाचे तीव्र सलाईन लागते. आधी सोडियम तपासा, मग सुई लावा.

पाण्याइतकीच बेफिकिरी वेदनाशामक गोळ्यांबाबत आहे. गुडघा कुरकुरतोय म्हणून सुरुवातीलाच एक आयब्युप्रोफेन, पंचविसाव्या किलोमीटरला दुसरी, हे इतके रुळले आहे की गोळी कंबरपट्ट्यात जेलशेजारीच असते. दीर्घ श्रमात मूत्रपिंडाला रक्त आधीच कमी मिळत असते, आणि ही गोळी तिथल्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवणारी यंत्रणाच बंद करते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ८० किलोमीटरच्या टप्प्यात धावणाऱ्या ८९ जणांपैकी निम्म्यांना आयब्युप्रोफेन आणि निम्म्यांना नुसतीच खोटी गोळी दिली. मूत्रपिंडाला इजा झाल्याची लक्षणे गोळीवाल्यांत ५२ टक्के, इतरांत ३४ टक्के निघाली. प्रयोग लहान होता, दोन गटांतला फरक योगायोगाचा नाही असे छातीठोक म्हणता येत नाही, हे मान्य. पण ज्या गोळीने वेळ सुधारत नाही आणि दुखणे फक्त झाकले जाते, तिच्यासाठी एवढी तरी जोखीम का घ्यावी? डायक्लोफेनॅकलाही हेच लागू. खाण्याचे म्हणाल तर ते सोपे आहे. तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पुरते. एका जेलमध्ये २०-२५ ग्रॅम, मध्यम केळ्यातही साधारण तितकेच. जेल खिशात मावतो आणि केळे चेंगरते, हा जेलचा खरा फायदा. जे खाणार ते सरावात खाऊन बघा, शर्यतीच्या दिवशी नवे काही नको. संकष्टीच्या उपवासावर तीस किलोमीटर काढणाऱ्यांसाठी जाता जाता: साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, इंधन म्हणून उत्तम. दाण्याचे कूट आणि तुपासकट ताटभर खिचडी मात्र पळून आल्यावर.

आता बर्फाकडे येऊ. श्रमाने होणाऱ्या उष्माघाताला भर दुपारचे ऊन लागत नाही आणि लांब अंतरही लागत नाही. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या ५ किलोमीटरच्या चाचणीत तरुण उमेदवारांचे मृत्यू झाले, ते आपण विसरायला नको. स्नायू वेगाने काम करतात तेव्हा उष्णता आत तयार होते, आणि हवा दमट असली की घाम वाळत नाही, त्यामुळे ती बाहेर पडत नाही. पाणी पिऊन हे टळेलच असे नाही. वेग कमी करणे हाच त्यावरचा पहिला उपाय. अंग कोरडे पडते ही समजूतही चुकीची आहे: घामाने निथळणारा माणूसही उष्माघातात असू शकतो. ओळखायचे ते डोक्यावरून. झोकांड्या, बरळणे, एरवी शांत असलेल्याने अंगावर धावून जाणे. काखेतला थर्मामीटर अशा वेळी फसवतो, त्यावर विसंबू नका. अशा माणसाला रुग्णवाहिकेत घालून गर्दीतून पळवणे ही आपली स्वाभाविक प्रतिक्रिया असते, आणि तीच घातक ठरते, कारण मेंदू किती मिनिटे तापलेला राहिला यावर सगळे अवलंबून असते. आधी थंड करायचे, मग हलवायचे. अमेरिकेतल्या फॅलमथच्या ऑगस्टमधल्या शर्यतीत १८ वर्षांत उष्माघाताचे २७४ रुग्ण झाले. त्यांना जागेवरच बर्फाच्या पाण्याच्या टबात बुडवले गेले आणि सगळे वाचले. टब नसेल तर ताडपत्री चालते: चौघांनी कोपरे धरून झोळी करायची, मधे माणूस, त्यावर बर्फ आणि पाणी, आणि पाणी अंगाभोवती फिरत राहील अशी झोळी हलकेच हलवत राहायची, डोके मात्र वर. बर्फाच्या चार लाद्या, ताडपत्री आणि पाण्याचा टँकर यांची बेरीज एका स्वागत कमानीच्या खर्चात सहज बसते.

हृदय बंद पडण्याची भीती सगळ्यात मोठी, म्हणून तिचे आकडे नीट पाहावेत. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख जणांत ५९ जणांचे हृदय बंद पडले. त्यांतले ४२ गेले. म्हणजे लाखात एकालाही नाही. ‘मग लोकांना घाबरवता कशाला?’ असे कुणी विचारील. घाबरवण्याचा हेतू नाही. धावणे सोडू नकाच. पण पुढचा आकडाही वाचा. २०१० ते २०२३ या काळात २ कोटी ९० लाखांवर धावपटूंची तीच पाहणी झाली. हृदय बंद पडण्याचे प्रमाण जवळपास तेवढेच राहिले, त्यांत दगावणाऱ्यांचे मात्र ७१ टक्क्यांवरून ३४ वर आले. माणसे अधिक धडधाकट झाली म्हणून हे घडले नाही. शेजारी असलेल्यांनी लगेच छाती दाबायला सुरुवात केली, आणि विजेचा झटका देणारे एईडी यंत्र वेळेत पोचले, हे त्याचे मोठे कारण. तेव्हा पन्नाशीत दहा जणांच्या देखत कोसळणाऱ्याचे भवितव्य त्या दहा जणांतल्या एकाला तरी छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबता येते का, यावर ठरते. छातीत जडपणा, जिन्यावर लागणारी नवी धाप, घरात तरुणपणी कुणी अचानक गेलेले, यांतले काही असेल तर बिबआधी डॉक्टर, हे वेगळे सांगायला नको.

साधनांबद्दल थोडक्यात. मे २०२१ मध्ये चीनच्या गान्सू प्रांतातल्या १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत हवा अचानक पालटली, गारठ्याने २१ जण दगावले. वारा अडवणारे जाकीट तिथे सक्तीचे नव्हते. सह्याद्रीतल्या पावसाळी शर्यतीत तेवढी थंडी नसते, पण भिजलेल्या अंगाने वाऱ्यात तासभर मुरगळलेला पाय घेऊन बसायची वेळ येऊ शकते. जाकीट, शिट्टी, चार्ज केलेला फोन हे ओझे नव्हे. ब्रेव्हे, म्हणजे लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या, करणाऱ्यांना रात्रीचे दिवे आणि चमकणारी बंडी नियमानेच लागते, ती सरावाच्या पहाटेही वापरा, आणि ४०० किंवा ६०० किलोमीटरच्या फेरीत डुलकी येऊ लागली की धाब्यावर वीस मिनिटे आडवे व्हा. सहाशेसाठी चाळीस तास मिळतात, त्यात झोप बसते.

‘हे सगळे आयोजकांचे काम, त्यासाठीच तर शुल्क भरतो,’ हा शेवटचा आक्षेप. अर्धा खरा आहे. आयोजकांना विचारायलाच हवे, पण आज कुणी विचारत नाही म्हणून ते सांगतही नाहीत. टी-शर्टचा कपडा कसा आहे यावर शंभर प्रश्न येतात, बर्फावर एकही नाही. आणि आयोजक कितीही चांगला असला तरी सरावाच्या रविवारी तो नसतो, तुमचा गटच असतो.

म्हणून विनंती अशी. या हंगामातल्या कोणत्याही शर्यतीचे शुल्क भरण्याआधी आयोजकांना लेखी विचारा: अंतिम रेषेवर बर्फाच्या पाण्याची सोय आहे का, मार्गावर एईडी यंत्रे किती आणि कुठे आहेत, सोडियम जागेवर तपासता येते का. उत्तर मिळाले नाही तर ती शर्यत सोडा, दुसऱ्या पुष्कळ आहेत. गटप्रमुखांनी एका रविवारची लांब दौड रद्द करून त्या सकाळी प्रशिक्षित माणसाकडून सर्वांना सीपीआर (छाती दाबणे) शिकवून घ्यावे, आणि गटाच्या वर्गणीतून एक ताडपत्री घेऊन ठेवावी. वेदनाशामक गोळ्या कंबरपट्ट्यातून आजच काढून घरच्या औषधांच्या डब्यात ठेवा.